हलक्या काडतुसांची परीक्षा

सव्वीस वर्षं मी बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहिलो आणि एकदाही ती कुणावर रोखावी लागली नाही. निवृत्तीच्या दिवशी शाल देताना मॅनेजर साहेबांनी भाषणात हेच सांगितलं आणि मला ते फार आवडलं. गनमॅन म्हटलं की लोकांना मिशा दिसतात. मला मिशा नाहीत. माझं काम पायांचं आणि डोळ्यांचं होतं. शनिवारी शाखा बंद झाली की मग हातांचं. दुनळी उघडायची, दोन्ही नळ्यांतून गज फिरवायचा, फडक्याने पुसायची, तेलाचा हलका हात द्यायचा. वर्षातून एकदा सरावाला न्यायचे, तेवढीच ती वाजायची. साफ मात्र बावन्न वेळा व्हायची.

तर दोनेक वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होतो. आत मुलगी फोनवर बोलत होती. मला ऐकू आलं, “सर, माझ्या पप्पांना बोलवूया ना. त्यांना बंदुकीतलं कळतं.” मी हातातला टॉवेल तसाच धरून उभा राहिलो.

मुलगी मीरा रोडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. कॉलेजात एनसीसीत होती, तिथे तिच्या हाताला रायफल लागली. नंतर तिथल्याच एका मॅडमनी तिला क्लबचा पत्ता दिला. वरसावे पुलाच्या पलीकडे, हायवेपासून आत, एका बंद पडलेल्या दगडखाणीत हा क्लब आहे. खड्ड्यातल्या यंत्रातून केशरी रंगाची एक बशी हवेत सुटते आणि ती खाली यायच्या आत छर्ऱ्यांनी फोडायची. एवढाच खेळ. ऐकायला सोपा वाटतो. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला बशी दिसेपर्यंत ती फुटून गेली होती.

या बशीला खेळात कबुतर म्हणतात, आणि त्यावरून आमच्या बिल्डिंगमध्ये एकदा चांगलंच झालं होतं. आम्ही भाईंदर पश्चिमेला राहतो. दुसऱ्या मजल्यावरच्या गुजराती काकी रोज सकाळी गच्चीवर कबुतरांना ज्वारी टाकतात. त्यांच्या कानावर कुणीतरी घातलं की तिसऱ्या मजल्यावरची मुलगी रविवारी कबुतरं मारायला जाते. चार दिवस त्या आमच्याशी बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी मला जिन्यात अडवलं.

“भाई, सच बोलो. आपकी बेबी कबूतर मारती है?”

मी समजावायला लागलो तर त्यांना पटेना. शेवटी मुलगी घरात गेली आणि पिशवीतून एक न फुटलेली बशी घेऊन आली. काकींनी ती उलटसुलट करून पाहिली, नखाने टिचकी मारली.

“आ तो रकाबी छे!”

“हां काकी,” मुलगी म्हणाली, “डांबर और चुने का पत्थर. मिट्टी में गिरता है तो चुरा हो जाता है.”

“तो फिर कबूतर क्यों बोलते हो?”

मुलीने खरं ते सांगितलं, की पूर्वी परदेशात खरीच कबुतरं सोडायचे, मग ते वाईट आहे हे लोकांना कळलं, मातीची आली, नाव तेवढं राहिलं. काकी म्हणाल्या, “तो नाम भी बदल दो,” आणि बशी घेऊन खाली गेल्या. त्यांच्या टीव्हीखाली त्या बशीत आता घराच्या चाव्या असतात.

फोन आला होता तो क्लबच्या सेक्रेटरींचा. ते शाळेत पीटीचे शिक्षक होते, त्यामुळे सगळे त्यांना सरच म्हणतात. क्लबला नव्या लोकांसाठी एक बंदूक घ्यायची होती. क्लबची होती ती जुनी दुनळी, आणि ती खांद्याला अशी लाथ मारायची की शिकायला आलेल्या मुली एका रविवारी खांदा काळानिळा करून जायच्या आणि दुसऱ्या रविवारी यायच्याच नाहीत. म्हणून सेमी-ऑटोमॅटिक घ्यायची ठरली. परवान्याचं काम सरांनी आधीच करून ठेवलं होतं. प्रश्न होता कोणती घ्यायची हा.

पुढच्या रविवारी मी इस्त्रीचा शर्ट काढला. बायको म्हणाली, “लग्नाला निघालात का?” मी म्हटलं, “तज्ज्ञ म्हणून बोलावलंय.” ती हसली, पण डबा मोठा दिला.

आम्ही बसने काशिमिरा नाक्यापर्यंत गेलो, तिथून रिक्षाने वरसावे. पुलाच्या अलीकडे सर जीप घेऊन उभे होते. त्यांनी माझ्याशी हात मिळवला आणि म्हणाले, “तुमच्याबद्दल फार ऐकलंय.” माझ्या मुलीने माझ्याबद्दल बाहेर काही सांगितलं असेल हे मला माहीत नव्हतं. जीपमध्ये मी सगळा वेळ खाडीकडे बघत होतो, नाहीतर चेहऱ्यावरचं हसू दिसलं असतं.

खाणीत एका टेबलावर सतरंजी घालून तीन बंदुका मांडल्या होत्या. दोन शहरातल्या दुकानदाराने आणल्या होत्या, आणि तो स्वतः डोक्याला रुमाल बांधून शेजारी उभा होता. तिसरी जुनी होती. तिचा खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता ओरखडलेला होता आणि नळीवरचा काळा रंग जागोजागी उडाला होता. कुणीतरी सभासद विकतोय एवढंच सरांनी सांगितलं.

सेमी-ऑटोमॅटिकचं तंत्र मला ठाऊक होतं. एक बार झाला की रिकामी पुंगळी आपोआप बाहेर पडते आणि पुढचं काडतूस आपोआप नळीत जातं. चाप मात्र दर वेळी आपणच दाबायचा. हे आपोआप दोन तऱ्हांनी होतं. काही बंदुका स्वतःच्याच धक्क्यावर चालतात. काहींमध्ये नळीतला थोडा गॅस वळवून त्याच्या जोरावर बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा तुकडा, मागे ढकलतात. गॅसवाली खांद्याला मऊ लागते, पण आत काजळी धरते.

दुकानदाराची पहिली बंदूक धक्क्यावर चालणारी होती. सडपातळ, काळी, हातात घेतली की जणू आपल्याच हाताची लांबी वाढली. मी ती उघडली. आत मोजकेच भाग, सगळे स्वच्छ. बोल्ट मागेपुढे करून पाहिला, कानाला लावून ऐकला. माझ्याभोवती सर, दुकानदार आणि पाचसहा सभासद जमले होते. त्यांतले काही गाड्यांतून आलेले, काहींकडे परदेशी बंदुका होत्या. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, “ज्या यंत्रात भाग कमी, ते बिघडतं कमी. काजळीची भानगड नाही. नवी मुलं हाताळणार, तर हीच घ्या.”

दुसरी गॅसवाली होती, चकचकीत. तिला मी ठीक म्हटलं. तिसरीकडे वाकून पाहिलं आणि म्हणालो, “ही म्हातारी आता आरामाला पाठवा.” सगळे हसले. दुकानदार सर्वांत मोठ्याने हसला.

सरांनी वही काढली. “मग पहिली लिहू?”

“थांबा ना सर,” मुलगी म्हणाली. “चालवून बघूया की.”

“बघ की,” मी म्हणालो. मला वाटलं, आता माझं म्हणणं सगळ्यांसमोर खरंच ठरणार.

दुकानदाराने सोबत आणलेली काडतुसं पुढे केली. तिने एक उचललं, त्यावरचा आकडा वाचला आणि परत ठेवलं. “ही जड आहेत. आपण नव्या मुलांना चोवीस ग्रॅम छर्ऱ्यांची हलकी देतो. स्पर्धेतही तीच असतात. त्यांच्यावरच बघूया.” तिने क्लबच्या कपाटातून खोकं आणलं, कानात बोळे घातले, चष्मा लावला आणि जागेवर जाऊन उभी राहिली.

“पुल!” तिने आवाज दिला, म्हणजे बशी सोडा.

बशी सुटली, फुटली. सगळ्यांनी मान डोलावली. पुढच्या बशीला तिचा पहिला बार चुकला, तिने लगेच दुसऱ्यांदा चाप दाबला आणि नुसतं टिक झालं. रिकामी पुंगळी बाहेर पडलीच नव्हती. अर्धी आत, अर्धी बाहेर.

“खांदा सैल सोडतेस तू,” मी मागून म्हणालो.

तिने पुंगळी काढली, पुन्हा भरली. चार बार नीट झाले, पाचव्याला परत तेच. मग तिने बोल्ट उघडा ठेवून बंदूक माझ्याकडे आणली. “पप्पा, तुम्ही करा. तुमचा खांदा घट्ट आहे.”

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती. मी जागेवर गेलो. बशा माझ्याच्याने फुटल्या नाहीत, त्याचं काही नाही, मी कधी हलत्या वस्तूवर बार टाकलेलाच नव्हता. पण दहा बारांत माझ्याही हातात ती दोनदा अडकली. जड काडतुसं घालून पाहिली तर एकदाही नाही.

दुकानदार म्हणाला, “मॅडम, नई है. सौ-दो सौ राउंड के बाद खुल जाएगी.”

“खुलेगी शायद,” ती म्हणाली. “पर तब तक बच्चे सोचेंगे की गलती उनकी है.”

मला ते लागलं, कारण पाच मिनिटांपूर्वी मीच तसं म्हणालो होतो. खांदा सैल सोडतेस तू.

दुसरी, चकचकीत बंदूक खरोखर मऊ होती. पन्नास बारांपर्यंत तिने काही कुरकुर केली नाही आणि सरांचा चेहरा उजळला. साठाच्या पुढे गेल्यावर एक पुंगळी बाहेर पडायच्या खाचेतच उभी अडकली. मग सातआठ बारांनी आणखी एक. दुकानदार तेलाची बाटली घेऊन पुढे झाला. मुलीने हात आडवा धरला.

“साफ नका करू.”

इथे मात्र माझ्याच्याने राहवलं नाही. बंदूक साफ नका करू हे वाक्य माझ्या घरातल्या माणसाच्या तोंडून! मी जरा मोठ्यानेच बोललो, “असं कुठे असतं? हत्यार घाण ठेवून त्याची परीक्षा घेतात का?”

“पप्पा, नवी मुलं रोज साफ करणार आहेत का?”

“शिकवायचं त्यांना.”

“शिकवू. पण ती विसरणार. मी पण विसरायचे. लॅबमध्ये आम्ही नवी मशीन घेतो ना, तेव्हा कंपनीच्या सॅम्पलवर नाही बघत, आपल्या सॅम्पलवर बघतो. आणि एका सॅम्पलवर कधी रिपोर्ट देत नाही.”

सभासदांपैकी कुणीतरी “करेक्ट” म्हणालं. मी डबा घेऊन जरा लांब, एका दगडावर जाऊन बसलो. खरं सांगतो, मला राग आला होता. सव्वीस वर्षं ज्या गोष्टीवर माझं नाव होतं त्या गोष्टीत माझ्या मुलीने मला चार लोकांसमोर खोडून काढलं होतं, तेही आवाज न चढवता. चढवला असता तर मला ओरडता आलं असतं.

तिथून मला ती पाठमोरी दिसत होती. तिने तिसरी, जुनी बंदूक उचलली होती. दस्ता तिच्या गालाला नीट बसत नव्हता. तिने दस्ता काढला, मधली एक पातळ पट्टी बदलली आणि पुन्हा बसवला. गाल लावून पाहिला, खाली घेतली, परत लावून पाहिला. मग सुरुवात केली. पंचवीस बार तिने केले. पंचवीस एका सभासदाने, पंचवीस दुसऱ्याने, पंचवीस सरांनी. सर थोडे संकोचत होते असं वाटलं. मुलगी प्रत्येक बारामागे वहीत एक रेघ मारत होती, अडकलं तर फुली मारायची होती. मी डबा झाकला आणि जवळ येऊन उभा राहिलो. शंभर झाले. एकही फुली नाही. बंदूक तापली होती, तोंडाशी काजळी जमली होती, खाचेतून धूर येत होता.

“पप्पा, आता तुम्ही,” ती म्हणाली.

मी पंचवीस केले. ती म्हातारी माझ्या खांद्याला नुसती थोपटत होती. एकविसाव्या की बाविसाव्या बाराला एक बशी फुटली. माझी पहिली. केशरी धुरळा उडाला आणि मागून सगळे ओरडले. मी वळून पाहिलं तर सर्वांत आधी टाळ्या वाजवल्या होत्या माझ्या मुलीने, वही काखेत धरून.

मग पुन्हा आळीपाळीने सगळ्यांनी चालवली, आणि दोनशे बार झाल्यावर मुलगी थांबली. दोनशे रेघा, फुली एकही नाही.

तेव्हा सर म्हणाले, “ही बंदूक माझीच आहे. मुद्दाम सांगितलं नव्हतं. माझा गुडघा गेला, आता मी काही खेळत नाही. पण माझी आहे म्हणून घेतली असं कुणी म्हणायला नको होतं.” ते माझ्याकडे वळले. “तुम्ही तिला आरामाला पाठवलंत तेव्हा मला वाटलं, बरोबर असेल. तुम्ही जाणकार.”

मला जमिनीत गेल्यासारखं झालं. मी म्हणालो, “सर, मी फक्त तिचा रंग पाहिला.”

कमिटीला दाखवायला दोन ओळी लेखी हव्या होत्या. सरांनी वही माझ्यापुढे ठेवली. मी मुलीकडे सरकवली. ती म्हणाली, “तुम्ही लिहा, तुमचं अक्षर चांगलं आहे. मी आकडे सांगते.” मग मी लिहिलं. तिन्ही बंदुकांचे बार, किती अडकले, कोणत्या काडतुसांवर. शेवटी मी माझ्या मनाने एक ओळ घातली, की मी स्वतः आधी पहिली बंदूक सुचवली होती, ती हलक्या काडतुसांवर खरी उतरली नाही, माझं मत चुकीचं होतं. खाली सही केली. बँकेत इतकी वर्षं रजिस्टरवर सह्या केल्या, पण अशी सही कधी केली नव्हती. मुलीने ती ओळ वाचली. मान खाली घालून तिने पेनाचं टोपण लावलं. तिचे डोळे भरले होते, हे मी पाहिलं आणि तिला पाहू दिलं नाही की मी पाहिलंय.

मग मी सरांना विचारलं, “आता उघडू का तिला?”

“आता हवी तेवढी उघडा,” ते हसून म्हणाले.

सतरंजीवर बसून मी ती म्हातारी सुटी केली. दुनळीपेक्षा हे वेगळं होतं, दोनदा चुकलो, सरांनी दाखवलं. गॅसच्या नळकांड्याजवळची रबरी कडी झिजून कडक झाली होती, आणि बोल्टची स्प्रिंग थकलेली वाटली. चालतेय, पण उद्या हीच दगा देईल असं मी म्हटलं. दुकानदाराने दोन्ही वस्तू वाकून पाहिल्या आणि नव्या पाठवायचं कबूल केलं. त्याला एकही बंदूक खपवता आली नव्हती, तरी जाताना तो मुलीला म्हणाला, “मॅडम, मेरी दुकान में नौकरी करो, या फिर मेरी दुकान में मत आना.” सगळे पुन्हा हसले, या वेळी मी पण.

परतताना वरसाव्याला रिक्षा मिळेना. आम्ही रस्त्याच्या कडेला उभे होतो. हातांना तेलाचा आणि जळक्या दारूचा वास येत होता. मुलगी म्हणाली, “पप्पा, रागावलात?”

“हो,” मी म्हणालो. “दुपारी रागावलो होतो.”

“आणि आता?”

“आता भूक लागलीये. डबा अर्धाच खाल्ला मी.” तिने तिथेच माझ्या पिशवीतून डबा काढला. ट्रक अंगाला घासून जात होते आणि आम्ही दोघं उभ्याउभ्या थंड घावन आणि चटणी खात होतो. खाता खाता मी म्हणालो, “दस्त्यातली ती पट्टी बदलायला तुला कुणी शिकवलं?” ती म्हणाली, “कुणी नाही. एकदा पुस्तिका वाचली होती.” मी तिच्याकडे बघतच राहिलो. घरी ही मुलगी मिक्सरच्या भांड्याचं झाकण शोधत फिरते.

क्लबने ती बंदूक घेतली. कडी आणि स्प्रिंग बदलली. महिन्यातून एका रविवारी मी जातो आणि नव्या मुलामुलींना ती सुटी करून, पुसून परत जोडायला शिकवतो. ती विसरतात. मुलगी म्हणाली होती तशीच विसरतात. मी पुन्हा शिकवतो. खांदा काळानिळा होऊन पळून जाणारं आता सहसा कुणी नसतं. मागच्या पावसाळ्याआधी अकरा जण होते, त्यांत सात मुली.

गेल्या थंडीत मुलगी पहिल्यांदा बाहेरगावी स्पर्धेला उतरली, आणि क्लबच्या परवानगीने तीच बंदूक घेऊन. मी प्रेक्षकांच्या दोरीमागे उभा होतो. भोवती सगळ्यांच्या हातात चकाचक दुनळ्या, दस्त्यावर नक्षी, चांदीसारख्या पाट्या. माझ्या मुलीच्या हातात ती रंग उडालेली. एका पोराने त्या बंदुकीकडे बोट दाखवून शेजाऱ्याला काहीतरी सांगितलं. ते मला दिसलं, मुलीलाही दिसलं असणार.

पहिल्या फेरीत पंचवीसपैकी तिच्या सात बशा हुकल्या. नंबर बिंबर काही आला नाही. पण मी एक गोष्ट पाहिली. ज्यांची बशी चुकायची ते बहुतेक जण बंदूक खाली घेऊन तिच्याकडे बघायचे, काही जण तर उघडून आत डोकावायचे, जणू चूक तिथे सापडेल. माझी मुलगी सात वेळा चुकली. सातही वेळा तिने ओठ घट्ट मिटले, पुढची काडतुसं भरली आणि जिथून बशी येणार त्या जागेकडे बघत उभी राहिली. बंदुकीकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

माझ्या शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांनी मला विचारलं, “तुमची कोण?”

“मुलगी,” मी म्हणालो. “बंदूक पण तिनेच निवडलीये.”